मिडी गिटार, आठ महिन्यांनी: सगळी भांडणं सहाव्या तारेशी

परवा माझ्या मिडी गिटारची (जिच्या प्रत्येक तारेचा सूर ओळखून सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं यंत्र, तो दुसऱ्या वाद्याच्या आवाजात वाजवतं) पाचवी तार मुकी झाली, म्हणून हे लिहायला बसले आहे. गिटारचा नेहमीचा आवाज येत होता, पण सिंथच्या आवाजात पाचवी तार गप्प, बाकी पाचही ठणठणीत. सर्व्हिस सेंटरला नेलं. पाच मिनिटांत निकाल लागला: "पिकअप गेलाय मॅडम, पूर्ण बदलावा लागेल." पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग; तो उघडून पाहिला नाही, काही मोजलं नाही. आठ महिन्यांपूर्वी पै-पै जमवून घेतलेली वस्तू अशी एका वाक्यात भंगारात काढलेली मला सहन झाली नाही. गिटार उचलली आणि घरी आले.

पिकअपपासून सिंथकडे जाणाऱ्या १३ पिनांच्या केबलचा नकाशा काढून बसले. १ ते ६ या पिनांवर सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल, ७ वर गिटारचा साधा सिग्नल, ८ वर व्हॉल्यूम, १० आणि ११ वर बटणं, १२-१३ वर वीज. मग एकटीच पाचवी तार गेली असेल तर संशय आधी पाचव्या पिनेवरच यायला हवा ना? मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवला (जोडणी सलग असेल तर तो बीप देतो) आणि एकेक पिन दोन्ही टोकांना तपासली. सगळ्या पिना बीप देत होत्या, पाचवी नाही. प्लगजवळ केबल जरा वाकवली की बीप यायचा, सोडली की जायचा. प्लग खोलला तर आतली बारीक तार डागापासून सुटून नुसती टेकून राहिली होती. नवा डाग दिला, प्लग बंद केला, गिटार लावली आणि पाचवी तार बोलली. तुमच्याकडे १३ पिनी केबल असेल तर ती प्लगपाशी कधीच घट्ट गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. आणि पिकअप बदलायला कोणी सांगितलं तर आधी दुसऱ्या केबलवर वाजवून बघा.

आता मूळ अनुभव. पिकअप ब्रिजजवळ दुहेरी टेपने चिकटवलेला, जमिनीवर सिंथ आणि इफेक्ट्स एकत्र असलेलं पेडल, तिथून यूएसबीने कॉम्प्युटर. पहिले तीन महिने मी या सगळ्यावर मनापासून चिडले होते, आणि कारण एकच: सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार. वरच्या तारांवर बासरी, व्हायोलिन, काहीही लावा, बोटाबरोबर सूर येतो. खर्जात उतरलं की आवाज मागून चालत येतो. एका रात्री साधा ऑडिओ आणि सिंथचा आवाज शेजारच्या दोन ट्रॅकवर एकदम रेकॉर्ड केला आणि लाटा मोठ्या करून पाहिल्या. पहिल्या तारेवर फरक साधारण १२ मिलीसेकंद, मोकळ्या सहाव्या तारेवर ३० च्या वर. त्याच रात्री विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

मग कारण समजून घेतलं आणि राग निम्मा झाला. मोकळी सहावी तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणजे एक आवर्तन १२ मिलीसेकंदांचं. सूर कोणता हे ठरवायला यंत्राला निदान एक पूर्ण आवर्तन ऐकावं लागतं, बऱ्याचदा दोन. पहिली तार ३२९.६ वेळा, म्हणजे एक आवर्तन जेमतेम ३ मिलीसेकंद. यात पेडलचा दोष नाही, तार स्वतःच तेवढा वेळ घेते. कितीही महाग यंत्र आणलं तरी आवर्तन पूर्ण होण्याआधी त्याची लांबी मोजता येणार नाही.

पण उरलेले मिलीसेकंद माझ्या हातात होते, आणि तिथे मी चुकत होते. पिकअप बसवताना सहाव्या तारेच्या बाजूला अंतर जास्त राहिलं होतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांच्यात साधारण १ मिलिमीटर हवं. माझ्याकडे जवळजवळ दुप्पट होतं. पातळ रबराची पट्टी खाली सरकवून ते तेवढ्यावर आणलं. मग प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी वेगवेगळी लावली, सर्वांत जोरात वाजवलं तरी मीटर टोकाला टेकणार नाही इतकी. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जितके नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा) २५६ वरून १२८ वर आणला, त्याने ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलीसेकंद वाचले. तारा नव्या चढवल्या, कारण गंजलेल्या तारेचा सूर ओळखताना यंत्र अडखळतं. आणि नटपाशी, म्हणजे गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, मऊ कापडाची पट्टी बांधली. मोकळ्या तारा नकळत गुणगुणतात आणि त्यातून नको ते भुताटकीचे स्वर उमटतात, ते जवळजवळ थांबले. हे सगळं एका रविवारचं काम होतं आणि खर्च नावापुरता. जाहिरात पुसून टाकली.

खरा आनंद मात्र चौथ्या महिन्यात मिळाला. बेसची ओळ रेकॉर्ड करायची होती आणि सहाव्या तारेवर ती कितीही केलं तरी मागे पडत होती. मग ती चौथ्या तारेवर वाजवली, दुसऱ्या फ्रेटपासून, आणि पॅच, म्हणजे सिंथवर निवडलेला आवाज, २४ सेमीटोन (दोन सप्तकं) खाली उतरवला. चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा ई हा स्वर १६४.८ हर्ट्झचा, एक आवर्तन ६ मिलीसेकंदांचं. पॅचमधून तो ४१.२ हर्ट्झचा, बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा होऊन बाहेर येतो. उशीर निम्मा! ज्या खर्जासाठी इतकी भांडले तो मधल्या तारांवर सापडला. आता बेसच्या सगळ्या ओळी मी अशाच वाजवते.

रेकॉर्डिंगला ही गोष्ट मला सोडवणार नाही. साधी गिटार एका ट्रॅकवर, मिडी दुसरीकडे; बोट घसरलं तर तेवढा एकच स्वर सरकवायचा, परत पूर्ण टेक नाही. फक्त मोनो मोड लावायला विसरू नका, म्हणजे प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनल. पिच बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवल्याचा संदेश, पूर्ण चॅनलला लागतो. सहाही तारा एकाच चॅनलवर असतील आणि एक ओढली, तर सगळा कॉर्डच वाकतो. शिवाय बेंडची रेंज दोन्हीकडे एकच हवी. माझ्या पेडलवर १२ सेमीटोन होती आणि सॉफ्टवेअरमध्ये २, म्हणून महिनाभर सगळी मींड अर्धवट लागत होती. आणि जाड पाच पिनी मिडी केबलऐवजी यूएसबीच वापरा: १९८३ च्या मूळ मिडी प्रमाणाचा वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद, एका स्वराला जवळपास १ मिलीसेकंद, म्हणजे सहा तारांचा कॉर्ड पोचायलाच ६ मिलीसेकंद.

कार्यक्रमात मात्र माझं मत अजून अर्धं आहे. पहिल्याच वेळी स्पीकर माझ्यापासून चार मीटरवर होता आणि सहावी तार पुन्हा तशीच रेंगाळायला लागली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे चार मीटरला १२ मिलीसेकंद. घरी हेडफोनवर जे वाचवलं होतं ते सगळं हवेतच गेलं. आता मॉनिटर (मला ऐकू यावं म्हणून माझ्याकडे वळवलेला स्पीकर) पायाशी, नाहीतर इअरफोन. जलद खर्जाच्या जागी सिंथ लावतच नाही. पेडलमधले मॉडेलिंगचे, म्हणजे दुसऱ्या वाद्याची नक्कल करणारे, आवाज वापरते. ते तारेच्या सिग्नलवर थेट काम करतात, सूर ओळखायची वाट बघत नाहीत, आणि बोटाच्या बारीकसारीक हालचालीही त्यात टिकतात. त्यावर थोडा डिले आणि रिव्हर्ब, बस्स.

पॅच बदलायचा फूटस्विच वेगळा घेतलात तर एक पाहून ठेवा: काही यंत्रं क्रमांक ० ते १२७ मोजतात, काही १ ते १२८. गाण्याच्या मध्यात मी पंधरा दाबला आणि भलताच पॅच वाजला. एक्स्प्रेशन पेडलचंही (पायाने आवाज कमीजास्त करायचं) तसंच, त्याच्या प्लगवरच्या टिप आणि रिंगची जोडणी सगळ्यांची सारखी नसते; विकत घेण्याआधी जोडून बघा.

दुरुस्त केलेली केबल घरच्या रेकॉर्डिंगला ठेवली आहे. कार्यक्रमासाठी दुसरी नवी घेणार आहे. पिकअप तोच आहे, आणि त्याची पाचवी तार आज सकाळपासून एकदाही चुकलेली नाही.