गावाचा इतिहास लिहायचाय: पाटोचं ग्रंथालय की घरचा स्क्रीन?

देवस्थानाची स्मरणिका असो की शाळेचा सुवर्णमहोत्सव, गावाच्या इतिहासाचा लेख शेवटी कुणातरी एकाच्याच गळ्यात पडतो. सध्या तो तुमच्या गळ्यात असेल, तर घरी बसून शोधायचं की पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसायचं, हे आधी ठरवावं लागेल. मी दोन्ही करून पाहिलंय. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याला पहिला मार्ग सोयीचा वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

घरबसल्या मिळतं त्याला कमी लेखू नये. गोव्यात पोर्तुगीज सरकारचे सचिव राहिलेले कुन्य रिवारा यांनी १८५७ ते १८७६ या काळात छापलेले पोर्तुगीज कागदपत्रांचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. रात्री जेवण आटोपून ते उघडावेत आणि गावाचं नाव शोधावं, ही चैन आमच्या आधीच्या पिढीला नव्हती. मात्र नाव पोर्तुगीज वळणाने टाकायला हवं. कुठ्ठाळीसाठी कोर्तालिम, गोव्यातल्या साष्टी तालुक्यासाठी साल्सेत. मराठी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शब्दशोध माझ्या अनुभवात फारसा कामाला येत नाही. जोडाक्षरांत तो अडकतो आणि शेवटी पानं डोळ्यांखालूनच घालावी लागतात.

पण माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या देवस्थानाच्या मूळ जागेबद्दलचा एक परिच्छेद मला जिथे तिथे दिसू लागला. तेच शब्द, तोच क्रम, एका वाड्याच्या नावातली तीच चूक. आधार कुठेच नाही. एक साइट दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी फिरून पहिलीकडे. इतकी ठिकाणं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी असणार, असं वाटतं खरं. पण सांगणारा मुळात एकच होता, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. तो एकजण कोण, त्याने ते कधी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या मजकुराचा माग लागत नाही तो देवस्थानाच्या महाजनांपुढे, म्हणजे त्याच्या हक्कदार सभासदांपुढे, कसा ठेवायचा? बाकी सगळ्या अडचणी मी सोसल्या असत्या, ही सोसवली नाही.

ग्रंथालयात हा माग लागतो. अभिलेखागार सांभाळलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकांतले निर्णय १९५३ ते १९५७ दरम्यान पाच खंडांत छापून दिले. असं काम समोर असलं की पुस्तकातल्या वाक्यावरून तळटीपेकडे आणि तळटीपेवरून मूळ कागदाकडे जाता येतं. शिवाय हवं ते पुस्तक काढताना त्याच्या शेजारचं हाताला लागतं, आणि कित्येकदा तेच अधिक कामाचं निघतं.

मूळ कागद मिळाला तरी तो कशासाठी लिहिला गेला, हे विचारायलाच हवं. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनींच्या याद्या फोरालांत, म्हणजे पोर्तुगीजांच्या जमीन-महसुलाच्या नोंदवह्यांत, आहेत. त्या उत्पन्नासाठी केलेल्या. म्हणून शेताचं नाव, ते कुठल्या देवळाचं, याबाबत मी त्यांच्यावर बराच विश्वास ठेवतो. मूर्ती कुणी, कोणत्या वाटेने नेली हे त्यांत शोधू नये. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, या प्रवासाच्या आठवणी देवस्थानांच्या परंपरेने जपल्या. लेखात दोन्ही यावं, पण कोणतं वाक्य कुठून घेतलं ते वाचकाला दिसावं.

वृत्तपत्रांच्या बाबतीत तर तराजू माझ्या मते सरळच झुकतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ रोजी झाला आणि विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला, एवढं कुठेही मिळेल. पण तुमच्या गावात तेव्हा हवा काय होती? ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ विरोधात, दोन्ही मराठीच. एकाच दिवसाचे दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचले की कोणी काय मोठं केलं आणि काय गाळलं ते आपोआप दिसतं. घरी शोधताना समोर येतं ते बहुधा एखादं सुटं कात्रण, शेजारच्या बातम्यांवाचून. मुक्तीपूर्व काळ आणखी अवघड: तेव्हाचे गोव्यातले अंक सेन्सॉरच्या हाताखालून गेलेले. १८ जून १९४६ ची राममनोहर लोहियांची मडगावची सभा त्यांत वाचताना मुंबईचे अंकही पाहावेत.

ग्रंथालयाची गैरसोय आहेच. ठरलेल्या वेळातच जावं लागतं, जुने अंक नाजूक असतात, हवा तोच महिना कधी फाइलीत नसतो. पेडणे किंवा काणकोणहून येणाऱ्याचा तर दिवसच जातो. छपाईची तारीख डोक्यावर असेल तर घरूनच लिहा, फक्त ज्याचा आधार सापडला नाही ते ‘असं सांगतात’ म्हणून लिहा. महिना-दोन महिने हाताशी असतील तर मी पाटोलाच जाईन. घरी शोधलेल्याची यादी करून न्या, गावाची नि वाड्यांची जुनी पोर्तुगीज नावं तिच्यात असू द्या, आणि टिपणं पेन्सिलीने काढा.