आयसीएस फाइल कुठे ओतायची: आउटलुकमध्ये की थंडरबर्डमध्ये?

मुलांच्या शाळेचं वर्षाचं वेळापत्रक, सोसायटीच्या सभा, सणवार, गूगल कॅलेंडरमधून काढलेली झिप. हल्ली हे सगळं आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल, होऊन हातात पडतं. मग प्रश्न येतो की डेस्कटॉपवर ते न्यायचं कुठे. तुम्ही या पायरीवर असाल तर मी काही वर्षांपूर्वी तिथेच होतो. आउटलुक आणि थंडरबर्ड, ईमेल आणि कॅलेंडरचे हे दोन्ही प्रोग्रॅम वापरून पाहिले आणि शेवटी एका बाजूला कललो. तुमची गरज वेगळी असू शकते, हे आधीच सांगून ठेवतो. आउटलुक म्हणतोय तो मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या पॅकेजसोबत येणारा जुना, 'क्लासिक'. नव्याचं पुढे बोलू.

दोघांपैकी कोण आयसीएस वाचतो आणि कोण नाही, ही तुलना करण्यात अर्थ नाही. दोघेही वाचतात. हा साचा १९९८ साली आरएफसी २४४५ म्हणून ठरला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज), २००९ मध्ये आरएफसी ५५४५ म्हणून नव्याने लिहिला गेला, आणि आतला मामला साधा मजकुराचा आहे. नोटपॅडमध्ये उघडून बघा: प्रत्येक नोंदीची सुरुवात, शेवट, नाव, वेळ, सगळं डोळ्यांनी वाचता येतं. फरक पडतो तो वाचून झाल्यावर. आलेल्या नोंदी प्रोग्रॅम कुठे नेऊन ठेवतो, आणि ठेवण्याआधी तुम्हाला विचारतो का?

माझा निर्णय याच एका गोष्टीवर झाला. त्याची कथा थोडी लाजिरवाणी आहे.

२०२३ चा गुढीपाडवा जवळ आला होता. घरातून फर्मान निघालं, "त्या लॅपटॉपवर दिवसभर बसतोस, तर चतुर्थ्या-एकादश्या पण टाकून ठेव त्यात. दरवेळी मीच कालनिर्णय बघायचं का?" मुद्दा रास्त होता. तिथींची एक आयसीएस फाइल मिळवली.

अशा फाइलची एक गंमत आहे. वाढदिवस असेल तर एकच नोंद पुरते, तिच्यात 'दरवर्षी' असा नियम लिहिला की झालं. एकादशीला तो नियम चालत नाही. पुनरावृत्तीचे नेहमीचे नियम इंग्रजी महिन्यांवर आणि वारांवर चालतात, आणि तिथी त्यांना जुमानत नाही. म्हणून प्रत्येक एकादशीची नोंद सुटी. एरवी वर्षाला २४, त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे २६. तेवढ्याच चतुर्थ्या, तेवढेच प्रदोष, वर १३ पौर्णिमा आणि १३ अमावास्या. शंभराच्या वर नोंदी, आणि एकही दुसरीला बांधलेली नाही.

आउटलुकमध्ये फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, इम्पोर्ट/एक्सपोर्ट या वाटेने गेलो. फाइल दाखवली की एक छोटी खिडकी येते आणि विचारते, 'ओपन अ‍ॅज न्यू' की 'इम्पोर्ट'? मी इम्पोर्ट करायलाच आलो होतो, तेव्हा 'इम्पोर्ट' दाबलं. दोन सेकंदांत काम फत्ते. इतकं लवकर झालं की मीच खूश.

त्या बटणाचा अर्थ असा की सगळ्या नोंदी तुमच्या मुख्य कॅलेंडरात मिसळा. माझं मुख्य कॅलेंडर म्हणजे ऑफिसचं. त्यात आणखी एक भर. नोंदीच्या वेळी माणूस मोकळा समजायचा की व्यग्र, हे सांगणारी एक ओळ आयसीएसमध्ये असते, आणि ती लिहिलीच नसेल तर 'व्यग्र' धरायचं असा संकेत आहे. फाइल बनवणाऱ्याने ती ओळ लिहिली नव्हती. आठवडाभरात एका सहकाऱ्याचा मेसेज आला: "अरे, तू गुरुवारी पूर्ण दिवस बिझी? आणि परत सोमवारी? बरा आहेस ना?"

यात आउटलुकचा दोष काढणार नाही. खिडकीत दोन बटणं होती, मी न वाचता एक दाबलं. पण चूक करणारा माणूसच प्रोग्रॅम वापरणार असतो, तेव्हा चूक निस्तरायला किती वेळ लागतो हेही तुलनेत धरायला हवं. आठवड्याच्या दृश्यातून एकेक नोंद पुसत बसण्यापेक्षा मी लिस्ट व्ह्यू लावला आणि विषयानुसार क्रम लावला. संकष्ट्या ओळीने उभ्या राहिल्या, शिफ्ट धरून निवडल्या, उडवल्या. विनायकी, प्रदोष, पौर्णिमा, अमावास्या तशाच. एकादश्यांनी मात्र छळलं, कारण फाइलवाल्याने प्रत्येकीचं नाव आधी लिहिलं होतं. कामदा, मोहिनी, निर्जला, योगिनी. नावाच्या क्रमाने त्या ऑफिसच्या नोंदींत अशा विखुरल्या की कुणाची 'मोहिनी' आणि कुणाची 'मंथली रिव्ह्यू' हे बघत अर्धी संध्याकाळ गेली. तरीही अधिक महिन्यातल्या दोन कमला एकादश्यांपैकी एक सुटलीच. ती जुलैच्या अखेरीस अचानक समोर आली.

पहिल्या वेळी 'ओपन अ‍ॅज न्यू' दाबलं असतं तर यातलं काही घडलं नसतं. ते बटण फाइलचं वेगळं कॅलेंडर करून देतं, नको झालं की पूर्ण कॅलेंडर काढून टाका. आउटलुकवरच राहणार असाल तर या लेखातून एवढं एक वाक्य घेऊन गेलात तरी चालेल. माझी कुरबुर वेगळी आहे. ओतण्याआधी फाइलमध्ये काय आहे ते ही वाट दाखवत नाही, आणि घरात आधीच असलेल्या चार कॅलेंडरांपैकी अमुक एकात टाक असंही तिथे सांगता येत नाही. मुख्य, नाहीतर नवीन.

थंडरबर्डमध्ये हाच प्रकार उलट्या क्रमाने चालतो. फाइल दिली की आधी आतल्या नोंदींची यादी समोर येते. वर शोधायची चौकट असते, नको त्या नोंदींची खूण काढता येते. मग तो विचारतो, कुठल्या कॅलेंडरात? असलेल्यांपैकी एक निवडा किंवा तिथल्या तिथे नवं करा. दोन पायऱ्या जास्त, हे कबूल. घाईत असलो की वैतागही येतो. पण तीच फाइल मी पुढे थंडरबर्डमध्ये घेतली तेव्हा प्रदोष आमच्याकडे कुणी पाळत नाही म्हणून ते वगळले आणि बाकीचं 'तिथी' नावाच्या केशरी कॅलेंडरात टाकलं. पाच मिनिटं लागली असतील.

ज्यांनी थंडरबर्ड फार पूर्वी पाहून सोडला असेल त्यांच्यासाठी: कॅलेंडर तेव्हा लाइटनिंग नावाचं वेगळं जोडावं लागायचं. २०१५ च्या ३८ व्या आवृत्तीपासून ते सोबत येऊ लागलं आणि २०२० च्या ७८ पासून प्रोग्रॅमचाच भाग झालं. जुन्या आठवणींवरून मत बनवू नका.

आणखी एक छोटी सोय, जी मला उशिरा कळली. आयसीएसमधल्या प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक असतो, यूआयडी म्हणतात. तीच फाइल त्याच कॅलेंडरात पुन्हा घ्यायला गेलात तर आधीपासून असलेल्या नोंदी थंडरबर्ड बाजूला ठेवतो, दुहेरी करत नाही. शाळेने सुधारित वेळापत्रक पाठवलं की मात्र याच सोयीची अडचण होते, कारण क्रमांक तोच राहिला तर बदललेली वेळही आत येत नाही. मी सरळ जुनं कॅलेंडर काढतो आणि नवं ओततो. वेगळं कॅलेंडर असण्याचा खरा फायदा तिथे कळतो.

आता आउटलुकच्या बाजूने. ऑफिसचं सगळं एक्सचेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-कॅलेंडर सर्व्हरवर, असेल, दिवसाला पाच-सहा निमंत्रणं येत असतील, कोण कधी मोकळा हे बघून मीटिंग लावायची असेल, तर थंडरबर्डकडे वळूच नका असं मी मित्राला सांगेन. एक्सचेंजचं कॅलेंडर दाखवायला तिथे वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं, आणि निमंत्रणांचा व्यवहार आउटलुकच्या हाताला जितका वळलाय तितका याच्या नाही. दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी उभी करून बघायची आउटलुकची पद्धतही मला आवडते. हवं तेव्हा ती एकमेकांवर चढवता येतात. थंडरबर्ड सगळं एकाच पानावर रंगांनी दाखवतो, आणि रंग सात-आठ झाले की रंगपंचमी होते.

वेळेच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करावं असं मला काही दिसलं नाही. गडबड असलीच तर ती बहुधा फाइलमध्ये असते. एक नोंद नोटपॅडमध्ये तपासा: वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर असेल तर ती जागतिक वेळ, म्हणजे ०४३००० लिहिलं असेल तर आपल्याकडे सकाळचे दहा. झेडही नाही आणि कुठल्या विभागाची वेळ तेही नाही, असं असेल तर जिथे उघडाल तिथल्या घड्याळाप्रमाणे तोच आकडा दिसेल. परदेशातल्या नातेवाइकांना संकष्टीची फाइल पाठवताना हे लक्षात ठेवा. पुण्याचा चंद्रोदय न्यू जर्सीत त्याच आकड्यावर दिसेल, आणि चंद्र काही तसा उगवणार नाही.

नोंदी देवनागरीत असतील तर सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याच्या फाइलच्या) वाटेला जाऊ नका, आयसीएसच धरा. आयसीएसमध्ये यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, गृहीतच असतं. सीएसव्हीत अक्षरं कुठल्या सांकेतिकीत आहेत हे फाइल स्वतः सांगत नाही, आणि 'वटपौर्णिमा'ची जागा प्रश्नचिन्हं घेऊ शकतात.

जुन्या वर्षांच्या नोंदी गजरासकट आणल्या तर 'हे राहून गेलं' अशी भलीमोठी यादी समोर येऊ शकते. एकदम फेटाळायचं बटण दोघांकडे आहे. थंडरबर्डमध्ये चुकलेले गजर दाखवणं सेटिंगमधून आधीच बंद करता येतं. मोठी फाइल ओतण्यापूर्वी मी ते करतो.

नव्या आउटलुकमध्ये हा प्रकार सुधारलाय, हे सांगणं न्यायाचं होईल. तिथे 'अ‍ॅड कॅलेंडर' मधून फाइल चढवताना कुठल्या कॅलेंडरात टाकायची ते निवडता येतं. म्हणजे माझी निम्मी तक्रार गेली. उरलेली निम्मी, आत काय आहे ते आधी बघून निवडायची, ती माझ्यासाठी मोठी आहे. कदाचित तुमच्यासाठी नसेल. शाळेची वीस ओळींची फाइल असेल तर कुठेही ओता, सारखंच.

सध्या माझी व्यवस्था अशी आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर आउटलुक, त्यात बाहेरची एकही फाइल जात नाही. घरच्या मशीनवर थंडरबर्ड, त्यात तिथी, शाळा, सोसायटी, गाडीची सर्व्हिसिंग आणि विम्याचे हप्ते अशी पाच कॅलेंडरं. पाडव्याच्या आठवड्यात तिथींचं जुनं कॅलेंडर काढतो आणि नवी फाइल घेतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा यादीत पुन्हा २६ एकादश्या आणि दोन कमला. घरात अजूनही कालनिर्णयच बघितलं जातं, ते भिंतीवर असतं ना.