हॉलच्या तुळया, दहा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर जुळे सोलापुरातल्या घरी हॉलच्या छताला पाच लाकडी तुळया बसवून घेतल्या. आता एक अख्खा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा त्यांनी काढलाय, म्हणून लिहायला बसलो.

या तुळया पोकळ आहेत, हे आधीच सांगतो. स्लॅबला रीप, म्हणजे लाकडी पट्टी, पक्की करायची, तिच्यावर तीन बाजूंची प्लायची पेटी खालून चढवायची आणि दोन्ही अंगांनी स्क्रू मारायचे. वर सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, मग पॉलिश. माझं लहानपण पेठेतल्या माळवदाच्या घरात गेलं. तिथल्या तुळयांवर मातीचं अख्खं छत होतं, इथल्यांवर काहीच नाही. आईनं पहिल्याच दिवशी काठीनं ठोकून बघितलं आणि म्हणाली, "डबडं वाजतंय की रे!"

पण दिसतं झकास. संध्याकाळी दिवा लागला की पांढऱ्या स्लॅबचं रितेपण जातं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पंख्याची झाली. तुळई आठ इंच खोल, पंख्याचा दांडा आखूड, त्यामुळे पाती तुळयांच्या बरोबरीला आली. वारा त्या दोन तुळयांमधल्या खणातच घुमायचा, खाली नुसता घूं घूं आवाज. सोलापूरचा मे, पारा बेचाळिसाच्या वर आणि हॉलमध्ये वारा नाही! शेवटी लांब दांडा आणून बसवला. हे काम तुळयांच्या आधी करा.

त्याच उन्हाळ्यात कडांची सागवानी पट्टी आक्रसली. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं आणि वर तापलेला स्लॅब. कोपऱ्यात अर्ध्या सुताची, म्हणजे दीडेक मिलिमीटरची, फट पडली. जुलैत हवा दमट झाल्यावर ती निम्मी मिटली. मिस्त्री लगेच फटीत लांबी (पुट्टी) भरायला निघाला होता, मी थांबवलं. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात भरलेली लांबी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तडकणार.

प्लायची शीट आठ फुटी, हॉल चौदा फुटी, म्हणजे प्रत्येक तुळईत एक जोड येणारच. आमच्याकडे पाचही जोड एका ओळीत आलेत. पाहुण्यांना दिसत नाहीत, मला रोज दिसतात. जोड मागेपुढे घ्यायला आधीच बजावून सांगा. ड्रिल मारण्यापूर्वी स्लॅबमधल्या वायरिंगचे पाइप कुठून गेलेत तेही खडूनं आखून घ्या. आमची हॉलची लाइट एक दिवस बंद होती ती त्यापायीच.

धूळ म्हणाल तर पंधरा दिवसांनी लांब काठीचा झाडू फिरवावा लागतो. स्लॅबलगतची फट सीलंटनं बंद केली नाही तर पाली आत संसार थाटतात. खर्च सगळा मिळून शेहेचाळीस हजार.

पुढच्या महिन्यात पुतणीचं बारसं आहे. आईला पाळणा मधल्या तुळईला टांगायचाय, जुन्या घरात टांगायचे तसा. मिस्त्रीनं साफ नाही म्हटलं. आता तुळईला भोक पाडून, थेट स्लॅबात अँकर ठोकून कडी लावणार आहे.