सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी साताऱ्यातील एक शिकवणी: वर्षभरानंतरचा अभिप्राय

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही सहावीत गणित आणि सामान्य विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले की एरवी वर्गात बोलणारी मुले गप्प होतात, हे सेमीच्या अनेक पालकांनी पाहिले असेल. माझ्या मुलीचेही तसेच झाले, म्हणून आम्ही तिला सदर बाजारातील एका घरगुती शिकवणीत घातले. या शिकवणीला पाटी नाही, जाहिरातही नाही. त्यामुळे नाव सांगण्यासारखे काही नाही.

पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत 'स्पोकन इंग्लिश'चे वर्ग भरपूर आहेत, पण तिथे शिकवले जाणारे स्वपरिचयाचे भाषण पाठ करून विज्ञानाचा धडा कळत नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या कामातून पुढे आले. त्या मुलांच्या कानांवर दिवसभर इंग्रजी पडत होते; आपल्या मुलांच्या कानांवर ते शाळेच्या तासापुरतेच पडते.

शिकवणाऱ्या बाई नेमक्या या दुसऱ्या भाषेवर मेहनत घेतात. शाळेत जो धडा पुढच्या आठवड्यात येणार, त्यातील विषय त्या आधी मराठीतून बोलून घेतात. बाष्पीभवनाच्या वेळी त्यांनी आषाढातल्या साताऱ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत, एवढेच विचारले आणि मुलांना वारा, ऊन व हवेतील ओलावा यांवर मनसोक्त वाद घालू दिला. मग फळ्यावर 'द क्लोद्स ड्राय स्लोली बिकॉज' एवढी सुरुवात लिहून वाक्य पुढे नेण्यास सांगितले, आणि पाठ्यपुस्तकातील परिच्छेद शेवटी उघडला. आशय आधीच कळलेला असल्यामुळे मुलांना फक्त इंग्रजीशी झगडावे लागले. उत्तरात चूक झाली तर त्या मुलाला थांबवत नाहीत. तेच वाक्य आपल्या तोंडून बरोबर म्हणतात आणि पुढे जातात. मराठीत 'ए' आणि 'द' यांसारखी उपपदे नसल्याने ती मुलांकडून सतत गळतात, पण त्यासाठी उत्तराचे गुण कापण्याची घाई इथे नसते. पालकसभेतही त्यांनी घरी मोडके इंग्रजी बोलण्याऐवजी मुलांशी मराठीतच भरपूर बोलावे, असे स्पष्ट सांगितले. काही पालकांना ते रुचले नाही. मला मात्र त्यांचे म्हणणे पूर्ण पटले.

उणिवा आहेत, आणि त्यांतील एक गंभीर आहे. दर महिन्याची चाचणी गाळलेल्या जागा आणि काळ बदला या जुन्याच साच्याची असते, म्हणजे वर्षभर जे शिकवले जाते ते कधी तपासलेच जात नाही. माझ्या मुलीला चाचणीत जेमतेम गुण मिळत असताना ती शाळेच्या प्रयोगवहीत निरीक्षणे स्वतःच्या वाक्यांत लिहू लागली होती. गुणपत्रक पाहणाऱ्याला ही प्रगती दिसणारच नाही. शिवाय पाचवी ते सातवीची मुले एकत्र बसतात आणि इंग्रजी माध्यमातून आलेली एक-दोन मुले प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतात. झेरॉक्स पुसट असतात, पण ते चालवून घेता येते. शुल्क महिन्याला आठशे रुपये, म्हणजे शहराच्या मानाने वाजवी आहे.

आठवीच्या पुढे केवळ गुणांसाठी शिकवणी शोधणाऱ्यांना ही उपयोगी पडेल असे वाटत नाही. मराठी माध्यमातून सेमीकडे वळणाऱ्या मुलांना मात्र पाचवीच्या सुट्टीतच पाठवावे. आम्ही सातवीसाठीही मुलीचे नाव नोंदवले आहे आणि चाचणीत किमान एक प्रश्न विज्ञानातील कारण लिहिण्याचा असावा, असे बाईंना लेखी कळवले आहे.