ई-व्हिसा की दूतावासाचा व्हिसा?

परदेशी जोडीदाराला पहिल्यांदा ठाण्याच्या घरी बोलवायचं असेल, तर माझं मत सरळ ई-टुरिस्ट व्हिसाला. अर्ज सरकारी संकेतस्थळावर होतो, पासपोर्ट हातातच राहतो. ३० दिवस, १ वर्ष किंवा ५ वर्षं, असे पर्याय मिळतात. फोटो आणि पासपोर्टच्या पानाची प्रत मात्र स्वच्छ हवी. पानावर दिव्याची चमक आली की अर्ज अडकू शकतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीच्या रकान्यात तुमचं नाव, ठाण्याच्या घराचा पूर्ण पत्ता आणि चालू मोबाइल नंबर द्या.

दूतावासाच्या व्हिसाला पासपोर्ट जमा करावा लागतो, वेळही जास्त लागतो. पण जोडीदाराचा देश ई-व्हिसाच्या यादीत नसेल तर तोच मार्ग. तिथे तुमचं निमंत्रणपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागू शकतात, आधीच तयार ठेवा.

नकली संकेतस्थळं खूप आहेत, जपून! सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. आणि व्हिसा कुठलाही असो, पाहुणा घरी उतरल्यापासून २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद यजमानाने करायची असते. ती तुमची जबाबदारी.