अल्बाट्रॉस की फोकर ट्रायप्लेन: कॉकपिट कुठलं करायचं?

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन फायटर विमानाचं मॉडेल १:३२ स्केलमध्ये करायचं आणि जीव कॉकपिटवर ओतायचा इथपर्यंत ठरलंय, पण अल्बाट्रॉस डी-५ए आणि फोकर डीआर-१ यांत अडलंय, अशांसाठी लिहितोय. मी दोन्ही केलीत, आधी फोकर मग अल्बाट्रॉस.

डॅशबोर्ड दोन्हीत नाही हे माहीत असेलच, मीटर जागा मिळेल तिथं बसवलेले. फोकरचं इंजिन रोटरी, म्हणजे पंख्यासोबत स्वतःही फिरणारं, ११० हॉर्सपॉवरचं ओबरउर्सेल, पाणी नाही रेडिएटर नाही, त्यामुळे आत सामानही कमी. पेट्रोल आणि हवेचे लिव्हर वेगवेगळे आणि स्टिकवर इग्निशन क्षणभर तोडायचं बटण, उतरताना तेच दाबत यायचं. अल्बाट्रॉसचं मर्सिडीज पाण्यावर थंड होणारं, म्हणून पंखातल्या रेडिएटरचा कंट्रोल आत, वॉटर पंपाला ग्रीस द्यायची सोय आत, शिवाय टाकीत हवेचा दाब भरायचा हातपंप आणि तो दाब दाखवणारं मीटर. काम वाढतं, पण प्रत्येक वस्तू तिथं का आहे ते कळतं, मला त्यातच मजा येते.

आता माझं खरं दुखणं. फोकरची बॉडी म्हणजे वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या नळ्या आणि वरून कापड. खऱ्या विमानात नळी सुटी, कापड तिच्या बाहेरून ताणलेलं. माझ्या किटमध्ये मात्र नळ्या भिंतीवरच अर्धगोल उठवलेल्या, म्हणजे कापडाचा फिकट रंग आणि नळीचा हिरवट करडा यांच्यामधली रेघ हातानंच सरळ राखायची, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक नळीला. एक कड सुधारली की शेजारची बिघडायची, असे तीन आठवडे गेले आणि एवढं करूनही ती नळी चिकटवलेलीच दिसते. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असेल, किंवा सगळ्या नळ्या तासून तारेच्या नव्या लावायची तयारी असेल, मग फोकर जरूर करा.

अल्बाट्रॉसच्या भिंती प्लायवूडच्या. खाली फिकट पिवळसर बेस, वरून ऑईल पेंट कोरड्या ब्रशनं ओढला की लाकडाच्या रेषा उमटतात, आणि हात हलला तरी ती लाकडाचीच रेष वाटते!

रेफरन्सचं म्हणाल तर अस्सल डीआर-१ आज एकही शिल्लक नाही, जे दिसतात ते नंतर बनवलेले. डी-५ए दोन आहेत, एक अमेरिकेत स्मिथसोनियनकडे आणि एक कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये, त्यामुळे शंका आली की खऱ्या विमानाचे फोटो बघता येतात. आणि ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक रिख्टहोफेन, त्याच्यासाठी फोकर घेणार असाल तर ६ जुलै १९१७ ला त्याच्या डोक्याला गोळी लागली तेव्हा तो अल्बाट्रॉस डी-५ मध्येच होता, तेही लक्षात असू द्या.

अल्बाट्रॉस घेतलंत तर ऑईल पेंट चार-पाच दिवस नीट वाळू द्या, हातपंप आणि मीटर त्यानंतरच चिकटवा.