स्टेम्स दिले, सही केली आणि धून हातची गेली

गेल्या पाडव्याला मी माझ्या यूट्यूब चॅनलवर माझीच एक धून टाकली. पावणेदोन मिनिटांची, हलगीवर उभी केलेली. चहा गाळून परत येते तोवर तिच्यावर कॉपीराइटचा दावा लागला होता. दावा त्या गेम स्टुडिओचा होता, ज्यांच्यासाठी मी चार महिने राबले आणि ज्यांनी ठरलेल्या ९० हजारांपैकी फक्त १० हजार हातावर ठेवले. स्टुडिओचं नाव वकिलांच्या सांगण्यावरून इथे देत नाही. पण गेमसाठी संगीत करू पाहणाऱ्यांना त्यांची पद्धत कळायलाच हवी.

मी मालिकांसाठी पार्श्वसंगीत करायचे. २०२० साली पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम बाहेरच्या देशांतही खेळला गेला, तेव्हा आपल्याकडेही हे काम उभं राहील असं वाटलं आणि मी एफमॉड हे गेममध्ये आवाज बसवण्याचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. त्यामुळे किल्ल्यांवरच्या मोबाइल गेमसाठी 'आपल्या मातीतलं' संगीत हवंय असा मेसेज आला, तेव्हा मी हरखून गेले. १८ मिनिटांचं संगीत, मिनिटाला ५ हजार. दर कमी होता, पण काम मनासारखं होतं.

हलगी मला सॅम्पलमधली नको होती. म्हणून कोल्हापूरजवळच्या एका गावी गेले. ज्यांनी वाजवली त्या मामांनी आधी अंगणात पाचट पेटवलं, हलगी त्या आचेवर फिरवली, बोटाने टिचकी मारून कान लावला, पुन्हा शेकली. कातडं ताणून आवाज खणखणीत होईपर्यंत त्यांनी काडी हातात घेतली नाही. मग सलग दोन तास वाजवलं. मी त्यांना पदरचे ३ हजार दिले, स्टुडिओचे पैसे आले की आणखी २ हजार देईन म्हणाले, आणि गेमच्या शेवटी नावं येतात त्यात त्यांचंही नाव येईल असा शब्द दिला. स्टुडिओने मला फोनवर तसं कबूल केलं होतं.

आता फसवणूक कुठे झाली ते सांगते. गेममधलं संगीत सिनेमासारखं एका फाइलमध्ये संपत नाही. खेळाडू किल्ल्यावर नुसता हिंडत असेल तर फक्त तंबोरा आणि बासरी, शत्रू जवळ आला की हलगी मिसळते, लढाई जुंपली की बाकीचं सगळं. त्यासाठी प्रत्येक थर वेगळा द्यावा लागतो, त्यालाच स्टेम्स म्हणतात. "पब्लिशरला डेमो दाखवायचाय, स्टेम्स आजच लागतील, पैसे सोमवारी सोडतो," असं ते म्हणाले तेव्हा मागणी मला रास्त वाटली. मी सगळे स्टेम्स दिले. तो सोमवार आलाच नाही. आधी 'अकाउंट्सकडे आहे', मग 'फंडिंग अडकलंय', मग फोन उचलणंच बंद.

त्याहून मोठी चूक मी पहिल्याच आठवड्यात केली होती. त्यांनी गोपनीयतेचा करार म्हणून नऊ पानं पाठवली. बाहेर काही बोलायचं नाही एवढंच त्यात असेल असं समजून मी सही केली. सातव्या पानावर लिहिलं होतं की मी केलेल्या संगीताचे सगळे हक्क ते 'तयार होताच', कायमचे आणि जगभरासाठी कंपनीकडे जातील. पैसे मिळाल्यावर नव्हे, तयार होताच. त्या जोरावर त्यांनी माझं संगीत अल्बम म्हणून वितरकाकडे दिलं आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवलं. ती यंत्रणा आवाज जुळला की दावा लावते, करणारी मी होते हे तिला कळायला मार्ग नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याकडे जातात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द ते विसरत नाहीत. मी सही केली नसती तर संगीत आजही माझंच असतं. तुम्ही 'पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर' एवढे शब्द घालून घ्या. त्याला नकार मिळाला तर काम सोडा, कितीही मनासारखं असलं तरी. ऐकवायला एकच मिक्स केलेली फाइल द्या, तीही मध्ये मध्ये 'नमुना' असा आवाज घातलेली. स्टेम्स शेवटचा हप्ता खात्यात आल्यावरच. आणि काम घेण्याआधी उद्यम ही लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करून ठेवा, ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. माझी नोंदणी नव्हती, ते दारही बंद झालं.

एक गोष्ट मात्र सहीनेही जात नाही. हक्क देऊन टाकले तरी कर्ता म्हणून ओळख सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार उरतो, आणि वाजवणाऱ्या कलाकाराला असाच अधिकार २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८ब मध्ये मिळाला. स्टुडिओला पाठवलेल्या आमच्या नोटिशीत पैशांच्या मागणीबरोबर या दोन्ही कलमांचा उल्लेख आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

नोटीस पाठवण्याआधी मामांचा फोन आला होता. "ताई, नातवानं गेम घेतलाय मोबाइलवर. हलगी माझीच हाय, लगेच वळाकली. पर नाव कुठं येतंय ते घावंना, तेवढं सांगा की." फोनवर मला ते सांगता येईना. रविवारी गावी गेले, राहिलेले २ हजार दिले आणि ती नऊ पानं त्यांच्या नातवाकडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. सातवं पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, नोटिशीत माझंबी नाव घाला.